मास्तरांच्या गळ्यातला टेप

इतर शिंपी माप कुठून घ्यायला लागतात कोण जाणे, आमचे मास्तर गळ्यापासून सुरुवात करत. रिसोडच्या एसटी स्टँडामागे त्यांचं दुकान होतं. टेप गळ्याभोवती आला की धडधाकट माणसंही गप्प होत, कारण आकडा सांगण्याआधी मास्तर विचारत, "तुमी घोरता काय?"

बहात्तर-त्र्याहत्तर साली घोरण्याला कोणी दुखणं मानत नसे. पण मास्तरांचा सतरा इंच गळ्याचा, घोरणारा थोरला भाऊ झोपेतच गेला होता. पुढे दोन गिऱ्हाइकंही तशीच गेली. दोघांच्या कॉलरी मास्तरांनी वर्षभरात वाढवून दिल्या होत्या. "डाक्टर नाडी पायते, मी गळा पायतो," ते म्हणत. लोक हसत, पण हसताना कॉलर चाचपत.

माझ्या बाबांचा गळा साडेसोळावर पोचला होता. एका बाजाराच्या दिवशी सदऱ्याला बटणं लागेपर्यंत ते दुकानातल्या बाकावर आडवे झाले आणि घोरू लागले. आई आणि मी शेजारीच होतो. घोरणं मध्येच थांबलं. मास्तरांनी मशीन थांबवलं. छाती हलत होती, श्वास मात्र नव्हता. मी इतकी घाबरले की रडूही येईना. मग बाबा एकदम मोठ्यानं श्वास ओढत उठले.

"पायलं ना बाई?" मास्तर आईला म्हणाले. "हा मानूस झोपून नाही राह्यला, बुडून राह्यला. यायले उताणं झोपू देऊ नका."

त्यांनी बाबांच्या बनियनला पाठीवर खिसा शिवला आणि आत एक सागरगोटा कोंबला.

"कायले सोंग करता मास्तर? टोचते ना हे!" बाबा कुरकुरले.

"टोचलं त शिव्या द्या मले. जित्ते राहान तवाच द्यान."

बाबा रोज सकाळी मास्तरांना शिव्या घालत, पण कुशीवर झोपत. आईलाही झोप लागू लागली.

मास्तर एकटेच राहत. स्वतः बिनकॉलरचा सदरा घालत. "तुमचा गळा किती?" आईनं एकदा विचारलं. "मायं माप कोन घेते बाई?" म्हणून ते मशीनकडे वळले. आम्हीही हसून सोडून दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी ते कपडे बेतायच्या टेबलावर उताणे झोपले, ते उठलेच नाहीत. आम्ही गेलो तेव्हा टेप गळ्यातच होता. बाबांनी त्याची दोन्ही टोकं हनुवटीखाली जुळवली, वाकून आकडा पाहिला आणि टेप हळूच सोडला.

"किती?" आईनं विचारलं.

"मायापेक्षा जास्त," बाबा म्हणाले. घरी येऊन त्यांनी नवं बनियन काढलं, सुईत दोरा ओवला आणि सागरगोट्याचा खिसा स्वतःच्या हातानं शिवायला बसले.