उजवीकडून सुरू होणारा कॉम्प्युटर

बी.कॉम. झाल्यावर मी रत्नागिरीत स्टँडजवळच्या एका क्लासात तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. सगळं पाठांतर होतं. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात क्लिक करायचं, वरून तिसरं निवडायचं, जी यादी उघडेल तिच्यातलं दुसरं. आत नेमकं काय चालतं ते सरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गुण मात्र चांगले मिळाले. मिरकरवाड्यातल्या आमच्या आळीत कॉम्प्युटर शिकलेली मी पहिलीच. आई मासे विकायला बसली की गिऱ्हाइकांनासुद्धा ते सांगायची.

आमच्या शेजारी खालाचं घर होतं. माझी ती सख्खी मावशी नव्हे, पण हिंदू काय, मुसलमान काय, सगळी आळी तिला खालाच म्हणायची. पन्नाशीची, उंच, हातात कायम काहीतरी काम. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. सकाळी आळीतल्या मुलांना ती कुराण वाचायला शिकवायची. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या आणि तिचा नवरा, म्हणजे चाचा, आखातात एका गोदामावर कामाला होते.

एकदा सुट्टीवर येताना चाचांनी एक भलंमोठं खोकं आणलं. त्यांच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढून टाकले होते, त्यातला एक त्यांना दिला होता. दोन जाड ब्लँकेटांत गुंडाळलेला मॉनिटर बाहेर निघाला तेव्हा दारात दहाबारा जणं जमली होती. अर्थातच मला बोलावणं आलं. मी ऐटीत वायरी जोडल्या, बटण दाबलं, आणि पडदा उजळल्यावर माझे हातच थांबले. सगळं अरबीत होतं. नुसती अक्षरं नव्हेत, अख्खा पडदाच उलटा. जे डावीकडे असायला हवं ते उजवीकडे, याद्या उजवीकडून डावीकडे उघडणाऱ्या. माझं तीन महिन्यांचं पाठांतर एका क्षणात निकामी झालं.

"चाचा, हे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"मला बोलता येते गो, तीपण बाजारापुरती," चाचा हसले. "वाचणार कोण?"

"मी वाचते की," मागून खाला म्हणाली. "पण अर्थ कळंल असा नाय."

चाचा परत गेले आणि खालाने मला गाठलं. तिला चाचांना पत्रं लिहायला शिकायचं होतं. रोज दुपारी जेवणं उरकली की आम्ही दोघी त्या पडद्यासमोर बसू लागलो. ती अक्षरं लावायची. कुराणातल्यासारखे जेरजबर, म्हणजे स्वर दाखवणाऱ्या खुणा, इथे नव्हते, त्यामुळे अडखळायची. मग एखादा शब्द तिला उर्दूतला ओळखीचा वाटायचा आणि ती खुर्चीत सरळ व्हायची.

"जदीद. जदीद म्हणजे नवीन!"

"खुरूज. म्हणजे बाहेर पडणं."

असं करत आम्ही बरंच ओळखलं. काढून टाकायच्या वस्तूंची टोपली सापडली. एका ठिकाणी 'हुकूम'सारखा शब्द दिसला, तिथून सगळ्या यंत्राचा कारभार चालत होता. एक दिवस तिने 'हिफ्ज' वाचलं.

"हा तर आपला शब्द," ती म्हणाली. "हिफ्ज म्हणजे पाठ करणं. कुराण पाठ असतो त्याला हाफिज म्हणतात."

मी म्हटलं, "ते सेव्ह असणार." तेवढ्यात वीज गेली. परत आली तेव्हा खालाने टाइप केलेल्या चार ओळी नव्हत्या. ती म्हणाली, "पाठ केलान नव्हता ना त्याने, म्हणून विसरला." क्लासात मी मेमरी आणि डिस्क यांतल्या फरकाची व्याख्या लिहून पाच गुण मिळवले होते. तो फरक मला कळला त्या दुपारी.

मग पत्रं सुरू झाली. कीबोर्ड अरबी. त्यात उर्दूतला प नाही, च नाही, ग नाही. खाला प च्या जागी ब लिहायची. मी ते पत्र फ्लॉपीवर घ्यायची आणि सायबर कॅफेतून चाचांच्या ऑफिसातल्या एका माणसाला मेल करायची. तो ते चाचांना वाचून दाखवायचा. पुढच्या शुक्रवारी चाचांचा फोन. "ही अरबांसारखी बोलाया लागली की! पाण्याला बाणी म्हणते!" त्यांचं हसू रिसीव्हरबाहेर मलाही ऐकू यायचं.

काही पत्रं मात्र ती वेगळ्या फोल्डरात ठेवायची. "ही पाठवायची नायत," एवढंच म्हणाली. मी विचारलं नाही.

एका दुपारी मी आगाऊपणा केला. डिस्क भरत आली होती, काही फायली काढून टाकायच्या होत्या. त्याआधी सगळ्याची एक प्रत ठेवावी, असा शहाणा विचार. मुख्य जागेवर सुट्ट्या पडलेल्या सगळ्या फायली निवडल्या आणि माऊसचं उजवं बटण दाबून एका नव्या फोल्डरवर ओढल्या. छोटी यादी उघडली. खालाने वाचलं, "नस्ख... नक्ल..."

"नक्कल! हेच पाहिजे," मी म्हटलं आणि क्लिक केलं. लगेच एक लांबलचक चौकट आली.

"काय तरी विचारतोय. खूप लिहिलान हाय," खाला डोळे बारीक करत म्हणाली. "खाली नअम हाय. नअम म्हणजे होय."

मी नअम केलं.

आपल्याकडे नक्कल म्हणजे प्रत. मूळ अरबीत प्रत म्हणजे नस्ख, आणि नक्ल म्हणजे इकडचं तिकडे हलवणं. हे मला फार उशिरा कळलं; यंत्र सुरू व्हायला लागणाऱ्या फायलीही मी जागेवरून हलवल्या होत्या. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला तर काळा पडदा, वर पांढरी इंग्रजी अक्षरं. एक फाइल सापडत नाही, कमांड इंटरप्रीटर कुठे आहे त्याचं नाव टाइप करा, असं काहीसं. खाली लुकलुकणारी एक रेघ.

"बिघडला काय गो?" खालाने विचारलं.

मला रडू फुटलं. तिने पदराने माझं तोंड पुसलं. "गेला तर गेला. लोखंडच ता." पण तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती, आणि ती कसला विचार करतेय ते मला ठाऊक होतं.

मी तशीच क्लासात गेले. सर म्हणाले, "फॉरमॅट करून टाकू. इंग्रजी सिस्टीम टाकून देतो, कटकटच नको."

"आणि आतल्या फायली?"

"त्या जाणार."

"मग नको, सर."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग ड्रॉवरमधून एक फ्लॉपी आणि झेरॉक्स केलेल्या नोट्सचा गठ्ठा काढला. "याच्यातून चालू कर. आत काय आहे ते स्वतः बघ. बघायला कोणाची भीती आहे?"

पुढच्या दोन दुपारी मी तेच केलं. फ्लॉपीवरून यंत्र चालू झालं, मी नोट्समधली आज्ञा टाइप केली आणि पडद्यावर यादी सरकत गेली. मी ओरडलेच. सगळी नावं इंग्रजीत होती! अरबी फक्त वर होती. खाली तीच सिस्टीम, क्लासातल्या कॉम्प्युटरवर होती ती. जी फाइल हरवल्याची तक्रार होती तिची दुसरी प्रत सिस्टीमच्याच फोल्डरात सापडली. इंटरप्रीटर म्हणजे काय, ते खालाला सांगायचं होतं. "आपण देतो ते हुकूम यंत्राला समजावून सांगणारा. दुभाष्या."

"तर्जुमान," ती म्हणाली. "त्याच्याबिगर घर चालंल कसा!"

फ्लॉपी काढली, यंत्र पुन्हा लावलं. त्याने विचारल्यावर त्या प्रतीचा पूर्ण पत्ता टाइप केला. पहिल्या खेपेला तिरपी रेघ उलटी पडली. दुसऱ्या खेपेला पडदा निळा झाला आणि उजव्या कोपऱ्यापासून अरबी अक्षरं उमटू लागली. खालाने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. तिचं ते फोल्डर जागेवर होतं. आतल्या फायली मी मोजल्याही नाहीत.

त्यानंतर मला आतलं पाहण्याचा नादच लागला. सुरू होताना कोणता प्रोग्राम आधी उठतो, कोण कोणासाठी थांबतो, कोण उगाच जागा अडवून बसतो. असले बरेच काढून मी डिस्क मोकळी केली. खारट वाऱ्याने डबा गंजायचा, तर तोही उघडून पुसायची. याच जोरावर चिपळूणला नोकरी लागली. आज एका ऑफिसातले साठेक कॉम्प्युटर माझ्याकडे आहेत. सगळे डावीकडून सुरू होतात, काही अडलं तर उत्तर फोनवर दोन मिनिटांत मिळतं. शब्द लागल्यावर खाला खुर्चीत सरळ व्हायची, तशी माणसं मात्र आता शेजारी बसत नाहीत.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चाचांचं कायमचं परत यायचं ठरलं. त्याच आठवड्यात मी घरी आले होते. दुपारी खालाने हाक मारली.

"ती न पाठवलेली पत्रं काढून टाकायची हायत."

तिने स्वतःच काढली. टोपलीही रिकामी केली. मग म्हणाली, "आता गेली ना? खरीखुरी?"

हो म्हणणं सोपं होतं. पण तिच्याशी मी खोटं बोलू शकले नाही. "नाही, खाला. फक्त नाव पुसलं जातं. लिहिलेलं डिस्कवर तसंच असतं, त्याच जागेवर दुसरं काही येईपर्यंत."

ती खुर्चीतून उठली. "मग दुसरा काय तरी भरू."

तिने कपाटातून धाकट्या मुलीच्या लग्नाच्या सीडी काढल्या. आम्ही एकेक करून सगळ्या त्या यंत्रात भरल्या, तसूभरही जागा उरली नाही तोवर. एवढ्या वेळात दोनदा चहा झाला.

चाचा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले. त्या लग्नाला त्यांना रजा मिळाली नव्हती. ते पडद्यासमोर बसले होते, मांडवात बायका मेंदी काढत होत्या, आणि खाला शेजारी उभी राहून बोट ठेवून सांगत होती, ही कोण, ती कोणाची सून, हा पोरगा कोणाचा. चाचा मध्येच म्हणाले, "जरा मागे घे ना, मुलीचा तोंड नीट दिसला नाय." खालाने माऊस हातात घेतला.