दोन पानांचा प्रबंध

सरोजला तिचे गाईड असलेल्या निगमसरांचा सगळ्यात जास्त राग यायचा तो त्यांच्या गोड बोलण्याचा. माणूस ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं.

"आप बुरा न मानें, मॅडम," तिचा एम.टेक.चा प्रबंध चाळून ते म्हणाले, "मगर ये थीसिस तो बहुत दुबली है."

दुबळी! तेलीबागेतलं घर, एअरफोर्समधल्या नवऱ्याच्या ड्युट्या आणि येता-जाता गुल होणारी वीज सांभाळत तिने दोन वर्षं घासली होती ती नेमकं हेच, कमीत कमी पानांत सगळं बसवणं, साधायला. कॉम्प्युटरच्या फंक्शनल भाषेत नवा डेटा टाइप, म्हणजे माहितीचा नवा साचा, केला, की त्यातल्या दोन वस्तू सारख्या आहेत का हे तपासायला नवं फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहायचं. झाडासारख्या फांद्यांच्या रचनेला वेगळं, आकृतीला वेगळं. सत्त्याण्णव साल उजाडलं तरी त्यांच्या कॉलेजात हीच हमाली चालू. सरोजने दाखवलं, की यातला प्रत्येक टाइप मुळात दोनच गोष्टींवर उभा असतो: 'हे किंवा ते' आणि 'हे आणि ते'. या दोहोंचं काय करायचं ते एकदा सांगून ठेवा. मग कुठलाही टाइप येऊ दे, तेच फंक्शन चालतं. दर बदलीला क्वार्टर नवं मिळालं तरी तिची ट्रंक भरायची रीत एकच असायची, तसं. सगळं मिळून दोन पानं.

घरी येऊन तिने पर्स आदळली. "वजनावर पास करणार का मला? रद्दीवाले आहेत का ते?"

"अगं, दे ना यार त्यांना पानं," नवरा, मधुकर, म्हणाला. "पुढच्या महिन्यात जोधपूरला निघायचंय. सही राहिली तर डिग्री गेलीच समज."

सरोजने दातओठ खात मशीनलाच कामाला जुंपलं. कॉलेजात वापरात असलेल्या एकूण एक टाइपसाठी त्या दोन पानांतून वेगवेगळं फंक्शन तयार करून छापायला सांगितलं. प्रिंटर दिवसभर किरकिरत होता. गठ्ठा उचलायला चपराशी बोलवावा लागला.

निगमसरांचा चेहरा खुलला. "अब दिखी न मेहनत!" त्यांनी सही ठोकली आणि सुरुवातीची दोन पानं अलगद काढून तिच्या हातात ठेवली. "बस, ये निकाल दीजिए. बेकार में जगह घेर रही हैं."

बाइंडरकडे जाऊन ती पानं तिने गठ्ठ्याच्या अगदी शेवटी घालायला लावली. सर तिथवर कधीच पोचणार नव्हते. दुसरंही कुणी पोचणार नव्हतं, हे लक्षात आलं तेव्हा दुकानातच तिला रडू फुटलं.