परतीचं बटण

दार उघडलं नाही की तुम्ही कुणावर ओरडता? खरं सांगा. वॉचमनवरच ना? मीही तेच करत आले. सातवीत शाळा सुटली, कायदा स्वतः वाचून पाठ केला, वीस वर्षं संघटना चालवली, तरी दार अडलं की माझा पहिला आवाज चढतो तो वॉचमनवर. कारण तो समोर असतो. अडवणारा कधीच समोर नसतो. एकदाच एक बाई आपणहून समोर आली, तिच्याबद्दल सांगते.

आमच्या संघटनेतली एक मावशी मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालते. हात मोडला म्हणून दोन महिने रजेवर होती, रीतसर अर्ज देऊन. परत आली तर मागच्या दारावर कार्ड लावलं की लाल दिवा. यादीत नावच नाही. ठेकेदाराचा नियम असा की सलग तीन पाळ्या दारावर नोंद झाली नाही तर माणूस काम सोडून गेला असं समजायचं. परत आल्यापासून दोन पाळ्या अशाच गेल्या होत्या. तिसरी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची. मुकादम म्हणाला, मी काही केलं नाही, कॉम्प्युटरने काढलं. मग कॉम्प्युटर कुठे राहतो ते सांग, म्हटलं. त्याने सॉफ्टवेअर कंपनीचा पत्ता देऊन टाकला. त्याला वाटलं, ही कसली जाते.

मावशीला घेऊन तडक गेले. तिथेही काचेचं दार आणि कार्ड. रिसेप्शनवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की आम्ही कुणाला काढत नाही, आम्ही फक्त सोय पुरवतो. मी पदर खोचला होता, एवढ्यात जेवणाचा डबा धुऊन परत चाललेली एक चाळिशीची बाई थांबली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. ओले हात रुमालाला पुसत मावशीला विचारलं, "कोणतं दार? दिवा लगेच लागला, की थोडं थांबून?"

इतकी वर्षं निवेदनं देतेय, पण असा कामाचा प्रश्न मला कुठल्या साहेबाने विचारल्याचं आठवत नाही.

त्या बाईला कंपनीत चौकशीताई म्हणतात. का, ते मला पुढे कळलं. आधी ती नऊ वर्षं एका मोठ्या कार्यालयात चौकशीच्या खिडकीवर बसायची. रोज शेकडो माणसं येऊन तेच सहा-सात प्रश्न विचारायची. तिच्या लक्षात आलं की माणसं वेडी नाहीत, पाट्या वेड्या आहेत. तिने पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने नव्या पाट्या लिहून लावल्या. रांग निम्मी झाली आणि साहेब रागावला, कारण खिडकीचा रुबाबही निम्मा झाला. मग संध्याकाळी मावसभावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती स्क्रीन आखायला शिकली. कुणी शिकवलं नाही. तिथेच माझं तिच्याशी जुळलं.

या कंपनीचं सॉफ्टवेअर मोठमोठ्या संस्थांत कुणी कोणतं दार उघडायचं, कोणते कागद बघायचे, हे ठरवतं. इंजिनिअर ते आकड्यांत आणि आडव्यातिडव्या अक्षरांत लिहितात. 'डी-चार-आर-दोन' वाचून कुणाला काय कळणार? चौकशीताई तिथे 'धुलाई विभाग, मागचं दार' असं लिहिते. प्रत्येक स्क्रीन ती आधी कागदावर काढून स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवते आणि सासऱ्यांकडून तपासून घेते. सासरे निवृत्त तिकीट तपासनीस, त्यांना समोरचा प्रत्येक माणूस विनातिकीटच वाटतो. त्यांनी एखाद्याला आत सोडलं तर स्क्रीन जमली, असा तिचा हिशेब.

तर तिने आम्हाला कँटीनमध्ये बसवलं आणि मुकादमाला दिसते ती यादी उघडली. दोनशे बारा नावं. दर तीन महिन्यांनी मुकादमाने बघायचं, कुणाचं कार्ड चालू ठेवायचं आणि कुणाचं बंद करायचं. पूर्वी याला अर्धा दिवस लागायचा. चौकशीताईने ते काम चार मिनिटांवर आणलं होतं, त्याबद्दल तिचं कौतुकही झालं होतं. पंचेचाळीस दिवस कार्ड वापरलं नाही की नावापुढे 'काढा' अशी खूण आपोआप लागते. मुकादमाने फक्त 'मान्य' दाबायचं.

काढलेल्या नावांत तिने मावशीचं नाव शोधलं. मग म्हणाली, "ती खूण मी लावली, मावशी. मुकादमाने नुसतं बोट ठेवलं."

माझी पंचाईत झाली. पाऊण तासाचं भाषण तयार होतं, ते कुणाला ऐकवणार?

मावशीने मात्र मुद्द्याचं विचारलं, मग आता परत कशी येऊ? चौकशीताईने शोधलं. परत घ्यायला बटणच नव्हतं. एक जुनाट फॉर्म होता, अकरा रकान्यांचा, सगळा त्या आडव्यातिडव्या अक्षरांचा. काढायची स्क्रीन सगळ्या ग्राहकांनी मागितली होती, परत घ्यायची कुणीच मागितली नव्हती, आणि आपल्यालाही ती सुचली नाही, असं तिने खाली मान घालून सांगितलं.

तेवढ्यात तिचा साहेब आला. त्याने तिला बाजूला घेतलं, पण कँटीन लहान होतं. इस्पितळात जाऊ नका, गेलात तर चूक आपल्या अंगावर येईल, असं तो समजावत होता. तिने दुसऱ्या दिवशीची अर्धी रजा मागितली. नाही दिली तरी जाणार आहे, हेही सांगितलं, चहा घेणार का विचारावं तशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता आम्ही मुकादमाच्या खोलीत होतो. सगळीकडे गाठोडी, इस्त्रीचा वास, कोपऱ्यात टेबल. "आल्या मोर्चाबाई," मुकादम म्हणाला. नोंद सव्वादोनपर्यंतच होते. चौकशीताई स्टुलावर त्याच्या शेजारी बसली, हात मांडीत. मुकादमाने फॉर्म उघडला. पाचव्या रकान्यात चुकला, फॉर्मने त्याला परत पहिल्यावर नेऊन सोडलं. पुन्हा तेच. दोन वाजून गेले. माझा तोल सुटला. तुला येतंय ना, मग तूच का करत नाहीस, म्हणून मी तिच्यावर ओरडले. घामाघूम मुकादमानेही कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला आणि आपला पासवर्ड मोठ्याने सांगायला लागला. चौकशीताईने चक्क कानांवर हात ठेवले.

"तो अधिकार तुमचा आहे, भाऊ. आज माझ्या हाताने मावशी आत आली, तर उद्या कुणाच्याही हाताने कुणीही येईल."

मग ती खिडकीवर बसल्यासारखी बोलायला लागली. एक रकाना सांगायचा, त्याचं होईपर्यंत थांबायचं, मग दुसरा. आवाज चढला नाही, घाई नाही. दोन वाजून अकरा मिनिटांनी शेवटचा रकाना भरला. मी धावत दाराशी गेले. मावशीने कार्ड लावलं. दिवा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग हिरवा झाला. मावशी मागे न बघता आत गेली. चादरी साचल्या होत्या.

मी परत आले तर दोघं यादी वाचत बसले होते. मावशीबरोबर आणखी सहा जणांना काढलं होतं. चार खरंच काम सोडून गेलेले. त्यांची कार्डं बंद झाली ते योग्यच, उघडं राहिलेलं कार्ड कुणाच्याही खिशात जातं, हे तिने मला ठणकावून सांगितलं. उरलेले दोघं रजेवर. त्यातली एक बाळंतीण. मुकादम तिच्या बाळाच्या बारशाला जेवून आला होता.

आता त्या इस्पितळात नवी स्क्रीन आहे. खुणेच्या चौकटी रिकाम्या, आपोआप काही लागत नाही. नावाशेजारी फोटो, खाली साधा प्रश्न: पंचेचाळीस दिवस दिसल्या नाहीत, रजेवर आहेत का? 'काढा'च्या शेजारी तेवढ्याच आकाराचं 'परत घ्या'. चार मिनिटांची एकोणीस झाली. साहेब म्हणतो, ग्राहकाला चारच हवीत. म्हणून बाकी सगळीकडे अजून जुनीच स्क्रीन चालते आणि खुणा आपोआप लागतात. चौकशीताई दर महिन्याला नवा कागद घेऊन साहेबाकडे जाते, आणि साहेब दर महिन्याला बघू म्हणतो.

तो बघेल तेव्हा बघेल. पण तुमच्यापैकी कुणी मुकादम असेल, हेडक्लार्क असेल, विभागप्रमुख असेल. तुमच्यासमोर ही यादी येणारच आहे. 'मान्य' दाबण्याआधी खूण लागलेल्या प्रत्येक नावाला एक फोन करा. विचारा, कुठे आहात?