फिल्टरशिवाय पाइप जोडणार नाही

"प्लंबर कुठं आहेत, मॅडम?" वॉर्डनबाईंनी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारलं.

"ह्या काय, समोर उभ्या आहेत."

माझ्यामागे चार बायका होत्या. साडीवर निळा एप्रन, हातात पाइप पाना, पिशवीत वायसर, टेफ्लॉन टेप आणि सुटे एल्बो. वॉर्डनबाई आधी हसल्या. मी हसत नाही हे पाहून गंभीर झाल्या आणि त्यांनी मालकांना फोन लावला.

हे लातुरातलं मुलींचं हॉस्टेल. डॉक्टर व्हायचंय म्हणून राज्यभरातून मुली इथे क्लाससाठी येतात. इमारती एकीला एक चिकटून उभ्या राहिल्या, पण जमिनीखालचं पाणी होतं तेवढंच राहिलं. उन्हाळा लागला की बोअर आटायचं आणि गल्लीत टँकरची रांग लागायची.

मी तेव्हा एका प्रशिक्षण केंद्रात इन्स्ट्रक्टर होते. माझी नोकरी सुरू झाली ती भूकंपानंतर. नांदेडजवळ विष्णुपुरीला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकून बाहेर पडले आणि पहिलंच काम मिळालं ते गवंड्यांना शिकवायचं. भिंतीत काँक्रीटचा आडवा पट्टा कसा घालायचा, कोपरे कसे बांधून घ्यायचे. तेव्हा कोणाला काही पटवून द्यावं लागलं नाही. एका पहाटे जमीन हलली होती आणि काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पाण्याचं तसं नसतं. एखाद्या वर्षी पाऊस उशिरा येतो, पुढच्या वर्षी महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो. बोअर दर उन्हाळ्यात थोडं थोडं खाली जातं. एका दुष्काळात रेल्वेनं पाणी आलं तेव्हा शहर हादरलं होतं. पुढचा पावसाळा बरा झाला आणि लोक विसरले.

म्हणून हा कोर्स निघाला. बदलत्या हवामानात लागणारी कौशल्यं, असं त्याचं लांबलचक नाव होतं. साध्या भाषेत सांगायचं तर लपलेली गळती शोधायची, बेसिनचं पाणी फ्लशला फिरवायचं आणि छतावरचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडायचं. या शेवटच्या कामाला बोअर रिचार्ज म्हणतात. गावातले जुने प्लंबर म्हणाले, "आमाला काय शिकवता?" ते आलेच नाहीत. आल्या त्या बायका. त्यांच्यात रेणापूरकडची संगीता वाघमारे होती. एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. पहिल्या दिवशी मी विचारलं, "प्लंबिंगच का?" ती म्हणाली, "मॅडम, मेसमध्ये पाणी न्हाई आलं की आमचीच धावाधाव. म्हणलं, ते कुठून येतं ते तरी बघावं."

आमची अडचण वेगळीच होती. प्राचार्य सरांनी बजावलं होतं, "प्रॅक्टिकलला खरी इमारत दाखवा. नाही मिळाली तर बॅच बंद होईल. बायकांना कोण काम देणार, असं वरचे लोक आत्ताच म्हणतायत."

बिराजदार काका, म्हणजे हॉस्टेलचे मालक, स्कूटरवरून आले. कपाळाला गंध, आवाज मोठा, पण माणूस वाईट नव्हता.

"बायांना जमंल का हे?"

"काका, तुमच्या बाथरूमचे नळ कधीपासून गळतात?"

"लई दिवस झाले. पर पुरुष माणूस वर सोडता येत न्हाई ना. पोरी क्लासला गेल्या की मगच. आन् सगळ्या पोरी एकदम जातात कुठं? एक बॅच गेली की दुसरी आलीच."

बोलता बोलता ते स्वतःच थांबले. त्यांच्या ध्यानात आलं. वॉर्डनबाईंनी चाव्या काढल्या.

पहिलं काम गळतीचं. त्याची एक सोपी चाचणी असते. गच्चीवरची टाकी भरायची, नळ सगळे बंद ठेवायचे आणि पाण्याच्या पातळीशी खडूने खूण करायची. थोड्या वेळाने पाणी खुणेखाली गेलं असेल तर कुठेतरी गळतंय. इथे पाणी बघता बघता खाली गेलं. नळांची ठिबक सगळ्यांना दिसत होती, पण खरं पाणी जात होतं फ्लशच्या टाक्यांतून, आवाज न करता. बायकांनी मजल्यांप्रमाणे काम वाटून घेतलं. मुली आत अभ्यासाला बसलेल्या असायच्या आणि बाहेर पाना फिरायचा. एक मुलगी तर पुस्तक ठेवून वायसर बदलायला शिकली. टँकरच्या खेपा कमी झाल्या तसे काका खुलले. "आता गच्चीचं बी करा," म्हणाले.

गच्चीचं काम अर्ध्यावर होतं तेव्हा मला एका बैठकीसाठी नांदेडला जावं लागलं. दुपारी संगीताचा फोन आला.

"मॅडम, आभाळ भरून आलंय. मालक म्हणायलेत, गच्चीचा पाइप थेट बोअरला जोडा. फिल्टर मागून करू म्हणतात."

फिल्टर म्हणजे खडी, कोळसा आणि वाळूचे थर घातलेली टाकी. छतावरचं पाणी तिच्यातून गाळून मगच बोअरमध्ये सोडायचं असतं. त्या गच्चीवर कबुतरांची घाण होती, शिवाय मुली तिथेच कपडे धुवायच्या.

तेवढ्यात फोन काकांनी घेतला. "मॅडम, एवढा पाऊस नालीत जाणार डोळ्यांदेखत! पाण्यासाठी मरायलोय आम्ही, आन् ह्या बाई म्हणतात न्हाई!"

"काका, बोअर एकदा खराब झालं तर साफ करणं अवघड असतं."

"ते मी बघीन. जोडायचं नसंल तर काम बंद. उद्यापासून येऊ नका."

मी बैठकीतून उठून बाहेर व्हरांड्यात आले होते. सरांना फोन केला. "साइट गेली तर बॅच गेली," ते म्हणाले. "जोडून टाका. नंतर नीट करता येईल."

सरांचं चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं. त्या चौघींचं सर्टिफिकेट, पुढचं काम, सगळं त्याच इमारतीवर अवलंबून होतं. मी पुन्हा संगीताला फोन लावला.

"तुला काय वाटतं?"

"त्याच बोअरचं पाणी पोरी पितात, मॅडम. कुणाची पोरगी आजारी पडली तर? मी न्हाई जोडणार. तुमी म्हणलाव तरी न्हाई."

"मग नको जोडू," मी म्हणाले.

त्या दिवशीचा पाऊस नालीतून वाहून गेला. बायका हत्यारं गोळा करून घरी गेल्या. सर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले.

आठवडाभरात वॉर्डनबाईंचा फोन आला, मला नव्हे, थेट संगीताला. तिसऱ्या मजल्यावर पाइप फुटला होता, पाणी खोल्यांकडे चाललं होतं, आणि आत मुलींची सराव परीक्षा सुरू असल्यानं पुरुष माणूस वर सोडता येत नव्हता. संगीता रिक्षा करून गेली. वरचा व्हॉल्व्ह बंद केला, फुटलेला तुकडा कापून नवा बसवला. मुली पेपरवरून उठल्यासुद्धा नाहीत.

काका खाली खुर्चीत बसले होते. ती उतरली तेव्हा म्हणाले, "रागात बोललो, बाई. रागवलीस का?"

"रागवले असते तर आले असते का?" ती म्हणाली. "पर फिल्टरशिवाय आजबी न्हाई जोडणार."

"आगं, कर की मग फिल्टर! कोण न्हाई म्हणतंय?"

हे सगळं ती तिथूनच मला फोनवर सांगत होती आणि मागून काकांचा आवाज येत होता, वाळू कुठली चांगली, खडी कधी पाठवू. मी खुर्चीवर बसून घेतलं. फार दिवसांनी मोकळं हसले.

फिल्टर झाला. बॅचही पूर्ण झाली. सरांनी स्वतः त्या इमारतीचे फोटो वर पाठवले. पुढच्या उन्हाळ्यात काकांचं बोअर आटलं, पण आधीच्यापेक्षा बरंच उशिरा. रिचार्ज म्हणजे जादू नाही, त्यानं एवढंच साधतं आणि तेवढं पुष्कळ असतं. शेजारच्या हॉस्टेलांतून बोलावणी येऊ लागली. चौघींनी मिळून काम सुरू केलं, जळकोटहून आलेल्या दोघींना हाताखाली घेतलं. संगीताने मेसची नोकरी सोडली.

मी निवृत्त होईपर्यंत पुष्कळ बॅचेस घेतल्या. पाना धरायला महिनाभरात शिकवता येतं. गिऱ्हाईक घाईत असताना त्याला नाही म्हणायला शिकवायचा तास मात्र मला कुठल्याच अभ्यासक्रमात सापडला नाही. काम टिकतं ते बहुतेक त्यावरच.