बर्फ कूलरला, नमुना टेबलावर

"अभिनंदन डॉक्टर, निगेटिव्ह," असं म्हणत साहेबांनी अहवाल माझ्याकडे सरकवला.

मी भंडारा जिल्ह्यात पशुवैद्यक आहे. आदल्याच दिवशी आसगावात निर्मलाबाईंची तिसरी बकरी माझ्या डोळ्यांदेखत गेली होती. नाक वाहत होतं, तोंडात फोड, हगवण. पीपीआर, म्हणजे शेळ्यांचा प्लेग, याबद्दल मला तरी शंका नव्हती. कागदावर मात्र ती रोगाशिवायच मेली होती.

हा रोग विषाणूचा. विषाणू म्हणजे पक्का ऐतखाऊ. जिवंत पेशीत शिरायचं आणि तिलाच राबवून स्वतःच्या नकला काढून घ्यायच्या. अँटिबायोटिक त्याला शिवतसुद्धा नाही. निरोगी बकऱ्यांना आधीच लस टोचणं, एवढाच उपाय. आणि पॉझिटिव्ह अहवालाशिवाय साहेब लस सोडायला तयार नव्हते. बाईंच्या गोठ्यात अजून पाच धडधाकट बकऱ्या होत्या.

ती आजारी असतानाच तिचा नमुना मी घेतला होता. नाकातला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन, बर्फाच्या डब्यात घालून तो आमच्या कार्यालयात दिला. प्रयोगशाळेत विषाणूचा जनुकीय धागा शोधतात. या विषाणूचा धागा फार नाजूक, उष्णतेत त्याचे तुकडे होतात. म्हणून मी आवक-जावक सांभाळणाऱ्या बाबूंकडे गेलो.

"शुक्रवारी दिलेला डबा कधी पाठवला?"

"सोमवारी. साहेब केबिनमंदी मीटिंग घेऊन राहिले होते. सहीशिवाय जावक नंबर कसा टाकू?"

"तोवर बर्फ टिकला?"

"डबा गळून राहिला होता ना. रजिस्टर ओलं होऊन राहिलं होतं. मंग बर्फ काढला."

"फेकला?"

"कायले फेकू? साहेबाच्या कूलरमंदी टाकला."

मे महिना होता. साहेबांची केबिन दुपारभर गार राहिली आणि नमुना टेबलावर शिजला. डब्यावर जावक क्रमांक मात्र सुवाच्य अक्षरात होता. मला इतका संताप आला की बाबूंनी दिलेला चहा मी तसाच ठेवला.

साहेबांना सांगितलं, "नमुना खराब झाला होता. निगेटिव्ह म्हणजे रोग नाही, असं नव्हे. सापडला नाही, इतकंच."

"पण लिहिलंय ना निगेटिव्ह?" साहेब म्हणाले. लिहिलेल्यापुढे बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

दुसरा नमुना मी स्वतः एसटीने नेला, डबा मांडीवर घेऊन, जावक क्रमांकाशिवाय. तो पॉझिटिव्ह आला. लस सुटली, गावातल्या बाकीच्या बकऱ्या वाचल्या. मला कार्यपद्धती मोडल्याबद्दल खुलासा मागणारं पत्र आलं. ते वेळेवर पोचलं.

लस घेऊन गेलो तेव्हा निर्मलाबाईंच्या पाचातली एकच उरली होती.

"काहून एवढा उशीर झाला, डॉक्टर?"

मी खरं ते सांगितलं. त्या उरलेल्या बकरीच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

"म्हंजे साहेबाले गरमी झाली, अन् बकऱ्या माह्या मेल्या."

मी त्या एकीला लस टोचली.

आता नमुना पाठवताना मी बर्फाचे दोन डबे भरतो. एकावर 'प्रयोगशाळा' लिहितो, दुसऱ्यावर 'कूलर'.