तळघरातला पंप आणि इल्पोचं जागं घड्याळ

तिसऱ्या मजल्यावरच्या इल्पो रॅसॅनेनने मिस्त्रीचा हात तोडला, ही बातमी आमच्या इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीतून निघाली आणि सॉनापर्यंत पोचेपर्यंत हात खांद्यापासून गेला होता. तिखटमीठ कुणी लावलं ते विचारू नका. खरं एवढंच, की तार्मो मिस्त्रीचे दोन्ही हात शाबूत आहेत, पंपात गेला तो नुसता हातमोजा. इल्पो तर तेव्हा वर घरी राईचा पाव खात होता.

पण तो चिंधड्या झालेला हातमोजा पाहिल्यापासून त्याच्या तोंडचं पाणी पळालं, हे खोटं नाही.

इल्पो फावल्या वेळात फुकट एक ड्रायव्हर सांभाळतो. संगणकाच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसणारा छोटा प्रोग्रॅम. तो चिपमधल्या एका घड्याळाकडे सतत हजेरी लावतो. हजेरी चुकली, की घड्याळाला वाटतं मशीन अडकलं, आणि ते मशीनला पुन्हा सुरू करतं. आमच्या हीटिंगच्या पेटीत, म्हणजे तळघरातला गरम पाण्याचा पंप चालवणाऱ्या संगणकात, तीच चिप आणि इल्पोचाच ड्रायव्हर. तार्मोने पेटी पडद्यावरून बंद केली. मुख्य बटण अंगणापलीकडे आणि बाहेर उणे अठ्ठावीस, कोण जातो? त्याने पंप उघडला. पेटी झोपली, पण इल्पोच्या ड्रायव्हरने घड्याळ थांबवलंच नव्हतं. हजेरी येईना म्हणून घड्याळाने पेटी उठवली आणि पेटीने पंप फिरवला.

इल्पोला हे आधी कधी दिसलं नाही, कारण चाचणी घेताना हा गडी मशीन रीतसर बंद करायचाच नाही. सरळ वायर खेचायचा. वीजच गेली की घड्याळही मरतं.

जिन्यात भेटला तेव्हा मी म्हटलं, "काय रे, पोलीस येऊन गेले का?"

"हेल्वी, तो ड्रायव्हर कुठेकुठे गेलाय मला माहीत नाही. लोक उचलतात, सांगत नाहीत. एखाद्या लाकूड कापायच्या यंत्रात असेल. आत्ता, या क्षणी, कुणाचा तरी हात आत असेल."

जिभेवर आलेला पुढचा टोमणा मी गिळला.

त्याने दुरुस्ती लिहिली: बंद व्हायला लागताच घड्याळ थांबव. रिवाजाप्रमाणे ती कर्नलवर काम करणाऱ्या जगभरच्या लोकांना तपासायला पाठवली. हॅम्बुर्गच्या एका बाईने उलट विचारलं, "आणि बंद होता होताच मशीन अडकलं तर? मग त्याला उठवणार कोण?"

आता भीती दोन्हीकडून. घड्याळ चालू ठेवावं तर हात जाणार, लवकर थांबवावं तर थंडीत पेटी मेलेलीच राहणार, आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर तर बाळंतीण. इल्पो जेवेना. शेवटी त्याने घड्याळ अगदी अखेरीस थांबवलं, पंपासकट बाकी सगळं निजल्यावर. घरी मुद्दाम मशीन मध्येच अडकवून पाहिलं, घड्याळाने उठवलं. उरला तळघरातला खरा पंप.

तिथे आम्ही तिघंच. तार्मोने झाडूच्या दांड्याला दुसरा हातमोजा बांधून पंपात घातला.

"की माझाच हात घालू, इल्पो?"

"गप बस रे, बाबा!"

पेटी बंद झाली. दिवा विझला. मागच्या वेळी पंप याच सुमाराला फिरला होता. कुठलासा नळ टकटकला आणि इल्पोने माझी बाही इतकी घट्ट धरली की शिवण उसवली. तार्मोही हसायचा थांबला होता. आम्ही त्या हातमोज्याकडे बघत राहिलो.

तो हलला नाही. कितीतरी वेळ हलला नाही.

वर आल्यावर इल्पोने दुरुस्ती पुन्हा पाठवली. मी खांद्यावरून वाकून वाचलं. चूक कुठल्या जुन्या बदलातून आली, हे लिहायची त्यांच्यात पद्धत आहे, आणि तो बदल इल्पोचाच, म्हणून या पठ्ठ्याने त्यापुढे स्वतःचं नावही घातलं होतं.

"अरे, जगभर वाचतील! 'जुनी चूक' एवढं पुरे की. नाव कशाला?"

इल्पो म्हणाला, "ज्याचा हात आत होता, त्याला कळायला नको, शिव्या कुणाला द्यायच्या ते?"