लेकीला बांधायचं फडकं

“अहो जावईबापू, लेकरू हाय ते, पार्सल न्हवं! सोडा आधी त्या पट्ट्या!”

सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की गल्लीतले यंत्रमाग क्षणभर थांबले असावेत. मी हॉलच्या मधोमध उभा. कमरेला पट्टा, खांद्यांवर पट्टे, पाठीवर बक्कल, बगलेत बक्कल, आणि छातीवर एक भलाथोरला खिसा. त्या खिशात माझी नवी कोरी लेक होती, पण ती इतकी खोल गेली होती की वरून फक्त टोपडं दिसत होतं. विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकाच्या सामानात चुकून चिमणी शिरावी, तसा एकूण प्रकार.

“मामी, ही लेकरू अडकवायची पिशवी जगभर वापरतात.”

“जगाला म्हणावं तुमची तुमी वापरा. हितं द्या ती पोरगी!”

पोरगी गेली. मी पट्ट्यांसकट राहिलो, कारण पाठीवरचं बक्कल मला एकट्याला निघेना.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे बायको तिच्या आईवडिलांकडे आलेली. मी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटला कुलूप लावून, रजा टाकून, तिच्या मागोमाग येऊन शहरातल्याच सासुरवाडीच्या दिवाणावर पथारी पसरलेली. लेक देखणी, गुणी, सगळं छान. खोड एकच. तिला झोपायला जिवंत, गरम, श्वास घेणारं माणूस अंगाखाली लागायचं. पाळण्यात ठेवली की संपलं. गिरण्या बंद पडल्यावर त्यांचे भोंगे कुठं गेले हे कुणाला माहीत नव्हतं. मला कळलं, एक माझ्या लेकीच्या घशात बसवलेला होता. पाळण्याला तिची पाठ टेकली की पाळी बदलायची वेळ झाली समजून म्हातारे कामगार डबा घेऊन घराबाहेर पडत असतील.

म्हणून ती झोपायची आईच्या अंगावर. आणि आईच्या पोटावर ऑपरेशनचे टाके. तिला कुशीवर वळता येईना, डोळा लागला की दचकून जाग यायची, पोरगी घसरली तर? सासूबाई घ्यायच्या, पण त्यांचे गुडघे. मी घ्यायचो, पण बसून डुलकी लागली तर काय, म्हणून बायको माझ्यावर पहारा ठेवत जागी. म्हणजे पोरगी कुणाच्याही अंगावर असो, जागी हीच. चारचौघांत ती मला अहो म्हणते आणि एकटे असलो की अरे. एक दिवस मात्र सगळ्यांच्या देखत म्हणाली, “अरे, मला सलग झोप पाहिजे. बाकी काही नको. तिला तुझ्या अंगावर नीट बांधता येईल असं काहीतरी बघ.”

मी बघितलं. जगात लेकरू अंगाला बांधायचे जेवढे प्रकार आहेत तेवढे बटाट्याच्या भाजीचेही नसतील. कड्यांचे, गाठींचे, ताणायचे, गुंडाळायचे. मी त्यातलं सगळ्यात जास्त बक्कलं असलेलं निवडलं. जितकी बक्कलं जास्त तितका बाप भारी, असा माझा हिशोब.

बक्कलं सुटली तेव्हा खुर्चीत बसलेले सासरे पहिल्यांदा बोलले. त्यांना मी मामा म्हणतो. उभा जन्म मागावर गेला त्यांचा. आता निवृत्त आहेत, पण कापड दिसलं की हात शिवशिवतात.

“कुठनं आणलं?”

“ऑनलाइन.”

“कापड?”

“हो.”

“सोलापुरात बसून?”

विहिरीत उभं राहून टँकर मागवणाऱ्या माणसाकडं बघावं तसं ते माझ्याकडं बघत होते. मग उठले, देव्हाऱ्याजवळची काडेपेटी घेतली.

आता त्या घरातली कापड पारखायची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. सूत ओढायचं आणि काडी लावायची. राख झाली तर सुती, गोळी झाली तर बनावट. लेबल, दुकानदार, देव, कुणाच्याही शब्दावर विश्वास नाही. आमच्या लग्नात मंगलाष्टकांच्या आधी माझ्या शेरवानीचा एक दोरा जळाला होता, आणि त्याची गोळी झाली हे मी आजतागायत ऐकतो.

त्या पट्ट्याचा दोरा काही निघेना. मामांनी दोन्ही हातांनी ओढला, दातानं ओढला. शेवटी वैतागून काडी थेट पट्ट्यालाच लावली. माझ्या तोंडातून “अहो मामा” निघेपर्यंत तिथं रुपयाएवढं भोक.

“गोळी!” मामा म्हणाले. चेहऱ्यावर खुनी सापडल्याचं समाधान.

मी ॲपवर माल परत करायची कारणं शोधली. ‘रंग आवडला नाही’ होतं, ‘माप चुकलं’ होतं. ‘सासऱ्यांनी जाळलं’ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा काखेत नवी कोरी चादर घेऊन हजर. सोलापुरी चादर म्हणजे काय ते उभ्या भारताला माहीत आहे. थंडीत ती अंगावर घेतली की माणूस उठत नाही, आणि आम्ही होतो ऐन वैशाखात, पंखासुद्धा गरम वारा फेकत होता.

“मित्राच्या मागावरनं आणली. हिच्यात हत्ती बांधा, फाटायची न्हाई.”

“मामा, आपल्याला हत्ती बांधायचा नाहीये.”

“धरून चाला की!”

सासूबाईंनी नातीला छातीशी घट्ट धरलं. “लेकरू न्हाई मिळायचं. आधी ते कलिंगड बांधून दाखवा.”

तर मी कलिंगड बांधलं. तुम्ही हसा, पण मे महिन्यात छातीवर चादर, चादरीत कलिंगड, आणि समोर सासरा हुकूम सोडतोय अशा अवस्थेत उभं राहून बघा. “वाका. बसा. उठा. वळा.” कवायतीतले पोलीससुद्धा एवढे घामाघूम होत नाहीत. माझ्या घामानं निम्मी चादर धुऊन निघाली. दारातून शेजारच्या काकू डोकावल्या, चादरीत बघितलं आणि म्हणाल्या, “अगंबाई, अगदी बापावर गेलंय की!”

“आता शिंका,” मामा म्हणाले.

“आँ?”

“शिंक आली तर? शिंका!”

मी शिंकलो. नव्या चादरीला खळ असते, आणि खळीच्या कापडाची गाठ टिकत नाही. जन्मभर चादरी विणलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं, पण मामांनी जन्मभर चादरी विणल्या होत्या, नातवंडं बांधली नव्हती. गाठ सरसरत सुटली. कलिंगड आधी मामांच्या अंगठ्यावर आदळलं आणि मग फरशीवर.

कुणी हसलं नाही. काकूसुद्धा नाही. फरशीवर ते लाल पसरलेलं बघून सगळ्यांच्या मनात एकच आलं असणार. सासूबाईंनी पदर ओढून नातीचं डोकं झाकलं.

आवाजानं बायको आतल्या खोलीतून आली. पोरगी आजीकडे आहे म्हणून जरा आडवी झाली होती बिचारी. चौकट धरून, टाके सांभाळत हळूहळू उंबऱ्यावर बसली. फरशीकडं बघितलं, चादरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रडायला लागली, आवाज न करता.

“मी काय मागितलं होतं?” ती म्हणाली. “मला झोपायचंय. तुम्ही सगळे मिळून फळं बांधताय.”

मामा लंगडत लंगडत जाऊन फडकं घेऊन आले आणि फरशी पुसायला बसले. त्यांना फरशी पुसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी लेकीला वजनासाठी डॉक्टरीणबाईंकडं न्यायचंच होतं. मामाही लंगडत बरोबर आले. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, कलिंगडासकट. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“बक्कलवालं एवढ्या लहानीला नको, ती त्यात बुडते. चादर तर नकोच, उकडून निघेल पोर. बनियनच्या कापडासारखं पातळ, ताणणारं, लांब फडकं मिळतं. हिच्या वजनाला चालतं ना, ते बघून घ्या. नाक-तोंड कायम उघडं दिसलं पाहिजे. हनुवटी छातीला टेकता कामा नये. मान खाली घातली की तुमचे ओठ तिच्या टाळूला लागले पाहिजेत. गुडघे बुडापेक्षा वर. गॅसजवळ जायचं नाही, गाडीवर बसायचं नाही, आणि तुम्हाला झोप आली तर आधी तिला सोडायचं.”

मामांनी घसा खाकरला. “सूत जाळून बघितलं तर चालंल का?”

“दुकानदाराला विचारून जाळा,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुकानदारानं परवानगी दिली, कारण मामांनी विचारलं तेव्हा काडी आधीच पेटलेली होती. दोऱ्याची राख झाली. मामांनी ती बोटावर चोळली, हुंगली. “राख!” नात झाल्याची बातमी फोनवर ऐकली तेव्हासुद्धा त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता. मग कापडावरचा शिक्का बघितला. परगावचा. रिक्षात बसल्याबसल्या त्यांनी तो शिक्का आत जाईल अशी घडी घातली.

घरी मी आधी नुसतंच फडकं गुंडाळायला शिकलो. खांद्यावरून, पाठीवरून, कमरेवरून, पुन्हा खांद्यावरून. लांबी एवढी की एक टोक माझ्याकडं आणि दुसरं बहुधा अकलूजला. सासूबाईंनी गाठीला लोंबकळून खात्री केली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी आत गेली. बायको समोर उभी राहिली.

“नाक?”

“दिसतंय.”

“हनुवटी?”

“वर.”

“मान खाली घाल.”

घातली. टाळूला ओठ लागले. तिनं एकदा पोरीच्या पाठीवर हात ठेवला, आत गेली आणि दार लावून घेतलं.

भोंगा वाजला. एकदा, दुसऱ्यांदा अर्धाच. मग पोरीनं गाल माझ्या छातीवर टेकवला, एक लांब श्वास सोडला आणि झोपली.

त्यानंतर त्या घरात जे झालं ते संचारबंदीतही होत नाही. मामांनी शिट्टी व्हायच्या आत कुकरचा गॅस बंद केला. हाक द्यायला तोंड उघडलेल्या भाजीवाल्याला त्यांनी गॅलरीतून दोन्ही हात जोडले. दोन घरं सोडून माग चालू होते, ते थांबवता येतील का हे विचारायला ते चपला घालून निघालेही होते, सासूबाईंनी सदरा धरून मागं ओढलं.

आणि मी? मी चालत होतो. हॉल, गॅलरी, हॉल. थांबलो की पोरगी कुरकुरायची, बसलो की भोंग्याची तयारी. नाक खाजलं तरी दोन्ही हात तिच्याखाली. दर फेरीला नाक, हनुवटी, टाळू बघायचं. घाम मानेवरून निघून टाचेपर्यंत पोचला. सासूबाई मागून चालत कुजबुजल्या, “आ करा,” आणि भाकरीचा घास तोंडात कोंबला. कडक भाकरी. एवढ्या शांततेत ती चावायची कशी? मी अख्खा घास विरघळेपर्यंत गालात धरून चालत राहिलो. तेवढ्या चालण्यात मी पंढरपूर गाठून परत आलो असतो.

उन्हं उतरली तेव्हा दार उघडून बायको बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली, कित्येक दिवसांनी माणसासारखे डोळे. मी तिला सगळं सांगितलं. राख कशी झाली, वेढे कसे घेतले, वडील भाजीवाल्याच्या कसे पाया पडले, माझी कंबर कशी गेली, पोरगी कशी हूं की चूं न करता झोपली. अजून झोपलेलीच होती.

“मग?” मी विचारलं. “कसं आहे हे फडकं?”

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “मी झोपले होते.”